सनदेसाठी तीस वर्षे

ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला कॉर्नेलिया सोराबजी यांची जीवनकथा

परदेशी विद्यापीठाची कायद्याची पदवी आणि न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. उच्च शिक्षणासाठी परदेशाची वाट धरणाऱ्या विधी पदवीधरांच्या हे अनेकदा उशिराच लक्षात येते. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना मात्र या एका फरकापायी उमेदीची तीस वर्षे खर्ची घालावी लागली. ऑक्सफर्डची परीक्षा त्यांनी दिली १८९२ साली. वकिलीची सनद त्यांच्या हाती पडली १९२१ साली.

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालविल्या. बेळगाव आणि पुणे येथे बालपण गेल्यानंतर कॉर्नेलिया यांनी डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पदवी परीक्षेत त्या अग्रभागी होत्या. या यशाबरोबर इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. परंतु ती स्त्रीला देता येत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी काढून त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांचा समावेश होता.

परीक्षा झाली, पदवी नाही

१८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल येथे दाखल झाल्या. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जाउएट यांचे पाठबळ त्यांना लाभले. त्यांनी बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही परीक्षा निवडली. नाव बॅचलरचे असले तरी ऑक्सफर्डमध्ये ही पदव्युत्तर पातळीची परीक्षा मानली जाते. स्त्रीने या परीक्षेस बसण्याचा प्रसंगच पूर्वी आला नव्हता, त्यामुळे विद्यापीठाला खास परवानगीचा ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्या तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मात्र ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. लंडनमधील एका सॉलिसिटर पेढीत कामाचा अनुभव घेऊन त्या मायदेशी परतल्या, त्या पदवीवाचून आणि सनदेवाचून.

परतल्यानंतर काठेवाड आणि इंदूरकडील संस्थानांमध्ये पडदानशीन स्त्रियांची बाजू ब्रिटिश एजंटांपुढे मांडण्याची मुभा त्यांना मिळाली. परंतु ती कृपा होती, हक्क नव्हे. एका संस्थानात त्यांनी चक्क हत्तीच्या हक्काची बाजू लढविली. तेथील राजाने निकाल त्यांच्या बाजूने दिला खरा, पण आपल्या कुत्र्याला या वकीलबाई आवडल्या, एवढेच कारण सांगितले. कायद्याच्या अभ्यासकाला असा विजय सुखावणारा नव्हता.

परदेशी शिक्षण पुरेसे नसेल तर देशी परीक्षा देऊ, असे त्यांनी ठरविले. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी., १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा, अशा पायऱ्या त्या चढत गेल्या. तरीही सनदेचा दरवाजा उघडला नाही. अडसर पात्रतेचा नव्हताच. वकिलांविषयीच्या कायद्यात व्यक्ती या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही, असा अर्थ न्यायालये लावीत होती. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा अर्ज याच भूमिकेतून फेटाळला.

पडद्याआडचे पक्षकार

दरवाजा बंद म्हणून कॉर्नेलिया थांबल्या नाहीत. जमीनदार घराण्यांतील विधवा परपुरुषासमोर येत नसत. इस्टेटीचे कागद कारभाऱ्यांच्या हाती आणि सल्ला देणारा वकील पुरुष, त्यामुळे त्यांची फसवणूक सहज होई. अशा स्त्रियांसाठी सरकारने महिला कायदा सल्लागार नेमावी, असा आग्रह त्यांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे धरला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा आणि आसामही त्यांच्या कार्यक्षेत्रात आले. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांनी साह्य केले. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना वकिली व्यवसाय खुला झाला. २४ ऑगस्ट १९२१ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया यांची वकील म्हणून नोंद केली. १९२२ मध्ये ऑक्सफर्डची पदवी त्यांना प्रत्यक्ष मिळाली. १९२३ मध्ये लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून स्वीकारले आणि त्याच वर्षी भारतात स्त्रियांवरील बंदी कायद्यानेच उठविली. तोवर त्यांनी वयाची छप्पन्न वर्षे ओलांडली होती. १९२४ मध्ये कलकत्त्यात त्यांनी व्यवसाय मांडला. पण पुरुषी वातावरणात त्यांच्या वाट्याला युक्तिवादाऐवजी बहुतांशी लेखी अभिप्रायांचेच काम आले. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला स्थायिक झाल्या.

त्यांची राजकीय मते वादग्रस्त ठरली. त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या. कॅथरिन मेयो यांच्या १९२७ मधील मदर इंडिया या पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली, त्यामुळे अनेक जुने सहकारी दुरावले. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारतात त्यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले, याचे एक कारण या भूमिकेतही शोधता येते.

आज लिंगाचा अडसर राहिलेला नाही, पण पदवी आणि परवाना यांतील अंतर कायम आहे. परदेशातून कायद्याची मूळ पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयाची पदवी मान्यताप्राप्त असावी लागते आणि त्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाची पात्रता परीक्षाही द्यावी लागते. इंग्लंडमध्ये केवळ एलएल.एम. करून सॉलिसिटर होता येत नाही. २०२१ पासून त्यासाठी स्वतंत्र पात्रता परीक्षा आहे. न्यूयॉर्कमध्ये ठरावीक अटींत बसणारी एलएल.एम. परदेशी पदवीधराला बार परीक्षेच्या दारापर्यंत नेते, त्यापुढे नाही. तेव्हा प्रवेशपत्रासोबत परवान्याचे नियमही आधी वाचावेत. कॉर्नेलिया यांच्यासमोर असे नियमच नव्हते. एकेका परीक्षेने त्यांनी ते घडविण्यास भाग पाडले.