विश्लेषण : फास्टॅगचा पूर्वज अमेरिकी राजदूताच्या भिंतीवर कसा पोहोचला?

रांजणगाव एमआयडीसीतून माल भरून निघालेला ट्रक न्हावरा-चौफुला मार्गे सोलापूर महामार्गाला लागतो, तेव्हा दौंड तालुक्यातील पाटस टोलनाक्यावर त्याच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो आणि आडवा दांडा वर उठतो. १६ फेब्रुवारी २०२१ पासून देशभर सक्तीच्या झालेल्या या टॅगचे तत्त्व एका रशियन संशोधकाने हेरगिरीसाठी वापरले होते. त्याचे नाव लिऑन थेरेमिन.

बॅटरी नसलेला टॅग बोलतो कसा?

फास्टॅगमध्ये एक बारीक चिप आणि धातूचा अँटेना असतो. नाक्यावरचे यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडते. त्याच लहरींतून चिपला वीज मिळते. मग परत फिरणाऱ्या लहरींत ती किंचित फेरफार करते आणि त्या फेरफारातून यंत्राला टॅगचा क्रमांक कळतो. मालगाड्यांच्या वाघिणींवरही रेल्वेने असेच टॅग बसवायला घेतले आहेत. दुभत्या जनावरांच्या कानातला पिवळा बिल्ला मात्र बारकोडचा, तो समोर धरूनच वाचावा लागतो.

थेरेमिन कोण होते?

१८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले थेरेमिन भौतिकशास्त्रज्ञ होते आणि चेलोही वाजवत. वायूंचे विद्युत गुणधर्म मोजताना, हात यंत्राजवळ नेला की सूर बदलतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९२० च्या सुमारास स्पर्श न करता वाजणारे वाद्य जन्मले. १९२२ मध्ये त्यांनी ते लेनिनला दाखवले. १९२७ च्या अखेरीस ते अमेरिकेत गेले, पेटंट मिळाले, मैफली गाजल्या. लव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तिकेशी त्यांनी लग्न केले. १९३८ मध्ये ते अचानक रशियात परतले. कर्जामुळे, स्वतःहून की जबरदस्तीने, यावर आजही एकमत नाही. पत्नी मागेच राहिली आणि दोघांची पुन्हा भेट झाली नाही. पुढच्याच वर्षी अटक, आठ वर्षांची शिक्षा आणि कोलिमाची छळछावणी. शास्त्रज्ञ उपयोगी पडतील म्हणून सरकारने कैद्यांच्या प्रयोगशाळा काढल्या होत्या. थेरेमिन वाचले ते अशा प्रयोगशाळेत रवानगी झाल्यामुळे.

लाकडी मुद्रेत काय होते?

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची सुबक लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती राजदूताच्या मॉस्कोतील निवासस्थानी लावली गेली. आत होती थेरेमिन यांनी कैदेत बनवलेली धातूची डबी, एक पातळ पडदा आणि एक अँटेना. वायर नाही, बॅटरी नाही. बाहेरून लहरींचा झोत टाकला की खोलीतल्या आवाजाने थरथरणारा पडदा परतणाऱ्या लहरी बदलायचा आणि बाहेर बसलेल्यांना संभाषण ऐकू जायचे. झोत बंद असताना तिच्यातून काहीच प्रक्षेपित होत नसे, त्यामुळे झडती घेणाऱ्यांना ती सापडायची नाही. १९५२ मध्ये ती हाती लागेपर्यंत सात वर्षे गेली होती. यू-टू विमानावरून वाद पेटला असताना, मे १९६० मध्ये अमेरिकेने ती मुद्रा संयुक्त राष्ट्रांत जगाला दाखवली.

म्हणून थेरेमिनच फास्टॅगचे जनक, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. दुसऱ्या महायुद्धातील आपले-परके विमान ओळखण्याची यंत्रणा, परावर्तित लहरींवरचा हॅरी स्टॉकमन यांचा १९४८ चा निबंध, मारिओ कार्डुलो यांचे १९७३ चे पेटंट, असे इतर दुवेही आहेत. पण स्वतःची वीज नसलेली वस्तू दुरून बोलकी करणे त्या डबीने आधी साधले होते.

मुद्रा म्हणजे खरेपणाची खूण. तिच्यावर विश्वास होता म्हणूनच आतली डबी टिकली. फास्टॅगचेही असेच आहे. टॅग स्वतःचा क्रमांक सांगतो. तो ज्या काचेवर आहे ती गाडी तीच का, हे त्याला कळत नाही. कारचा टॅग ट्रकला लावून कमी टोल भरण्याचे किंवा टॅग हातात धरून दाखवण्याचे प्रकार होतात ते यामुळेच. काचेवरून काढला की निकामी होईल असा टॅग, नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा आणि ‘एक वाहन, एक फास्टॅग’ हा नियम यासाठीच आहेत.

पुढे थेरेमिन यांचे काय झाले?

१९४७ मध्ये त्यांना स्टॅलिन पारितोषिक मिळाले, शिक्षा संपली, तरी ते गुप्तहेर खात्यासाठीच काम करत राहिले. पाश्चात्त्य जगात अनेकांनी त्यांना मृत धरले होते. नंतर ते मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत वाद्यांवर काम करू लागले. एका अमेरिकी पत्रकाराने त्यांच्याविषयी लिहिले आणि ते जिवंत असल्याचे जगाला कळले. त्यानंतर त्यांची नोकरी गेली आणि वाद्येही बाहेर फेकली गेली. १९९१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते पुन्हा अमेरिकेत गेले आणि त्यांचे वाद्य जगभर नेणाऱ्या क्लारा रॉकमोर यांना भेटले. लव्हिनिया त्याआधीच गेल्या होत्या. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत थेरेमिन यांचे निधन झाले.