दिव्यातली तार आणि लुईस लॅटिमर

स्मरणिका निघायची असली की आपल्या चिटणीसबाई दरवर्षी माझ्याकडे एखादी पाककृती मागतात आणि मीही ती आनंदाने देते. या वर्षी मात्र मी एका मनुष्याचे चरित्र लिहून देईन असे त्यांना सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चरित्र लिहिण्याचा माझा अधिकार तो किती! पण ज्यांची हकीकत सांगायची आहे त्यांची शाळा माझ्याही आधी सुटली होती, म्हणून धीर केला.

आमच्या लहानपणी माजघरात साठ वॅटचा एकच बल्ब असे. पावसाळ्यात वीज जाई-येई आणि एखाद्या दिवशी बल्ब उडे. लगेच नवा आणायचा नाही अशी घरची रीत. वडील तो काढून हलकेच हलवीत, आतली तुटलेली तार दुसऱ्या टोकाला अडकवीत आणि पुन्हा लावीत. मग तो आणखी चार दिवस जळे. केसासारख्या त्या तारेकडे पाहून मला वाटे, हिला एवढा उजेड येतो कुठून? दिव्याचा शोध एडिसनने लावला एवढेच आम्हांला शाळेत सांगितले होते. पुढे मुलांच्या अभ्यासाला बसता बसता लुईस हॉवर्ड लॅटिमर हे नाव माझ्या वाचनात आले आणि त्या तारेमागे केवढे कष्ट आहेत ते कळले.

लॅटिमर यांचा जन्म ४ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत, बोस्टन शहराजवळच्या चेल्सी गावी झाला. आईवडील कृष्णवर्णीय होते आणि दोघेही दक्षिणेतल्या व्हर्जिनिया प्रांतात गुलाम म्हणून जन्मलेले. गुलाम म्हणजे गोठ्यातल्या जनावरासारखी मालकाची मालमत्ता. मूल झाले तर तेही मालकाचेच. वडील जॉर्ज आणि आई रिबेका १८४२ साली नॉरफोक बंदरातून पळाले. आधी जहाजात लपून राहिले. पुढे, जॉर्ज वर्णाने उजळ असल्यामुळे, तो मालक आणि रिबेका त्याची दासी असे सोंग घेऊन त्यांनी उत्तरेकडचा प्रवास केला. बोस्टनला पोहोचले खरे, पण तिथे जॉर्जला ओळखले गेले. मागोमाग मालक आला आणि जॉर्ज तुरुंगात पडला. बोस्टनचे लोक खवळले. सभा झाल्या, वर्तमानपत्र निघाले आणि अखेर ४०० डॉलर मोजून त्याची सुटका विकत घेतली गेली. माणसाचे स्वातंत्र्य पैसे देऊन विकत घ्यायचे, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

चार भावंडांत लुईस धाकटा. तो दहा वर्षांचा असेल-नसेल तोच वडील घर सोडून गेले. पळालेल्या गुलामांना पुन्हा पकडून नेण्याची भीती त्या काळी वाढली होती. घराची वाताहत झाली, लुईसची शाळा सुटली आणि मिळेल ते काम करण्यात बालपण गेले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. १८६४ साली, सोळा वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, हा मुलगा उत्तरेच्या आरमारात शिरला आणि १८६५ च्या जुलैत सन्मानाने मोकळा होऊन परत आला. त्याच वर्षाअखेर अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक लिहिले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केलेले आहे. म्हणजे ही हकीकत दिसते तितकी परकी नाही.

युद्धावरून आल्यावर लुईसला बोस्टनमध्ये पेटंटचे काम करणाऱ्या वकिलांच्या कचेरीत नोकरी लागली. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा सरकारमान्य हक्क. नोकरी हरकाम्याची, पगार आठवड्याला ३ डॉलर. या कचेरीत शोधांचे बारीक नकाशे काढणारे लोक बसत. लुईस येता-जाता त्यांचे हात पाहत असे. पट्टी कशी धरतात, शाई कशी भरतात, रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक, हे सारे त्याने नजरेने टिपले. पैसे साठवून जुनी हत्यारे आणि पुस्तके घेतली आणि रात्री घरी हात बसविला. मग एक दिवस धीर करून, मलाही एखादा नकाशा काढू द्या, अशी त्याने विनंती केली. आधी हसे झाले. पण त्याने काढलेले पाहिल्यावर हसणे थांबले. हळूहळू तो कचेरीतला मुख्य नकाशाकार झाला आणि पगार आठवड्याला २० डॉलरवर गेला.

भगिनींनो, हा भाग मी दोनदा वाचला. आपणही असेच शिकलो ना? मोदकाची पारी कुणी वही उघडून शिकविली नाही. आईच्या बोटांकडे पाहूनच ती आली. पण तसे आलेले ज्ञान ज्ञानच नव्हे असे आपण धरून चालतो. मी स्वतः आजवर बँकेचा कागद पुढे आला की मला त्यातले काय कळते म्हणून दाखवतील तिथे सही करून मोकळी होत आले.

१८७३ साली लॅटिमर यांचे मेरी विल्सन यांच्याशी लग्न झाले. पुढे त्यांना दोन मुली झाल्या. १८७४ साली एका सोबत्याबरोबर आगगाडीच्या डब्यातील शौचकुपाच्या सुधारणेचे पेटंट त्यांनी घेतले. ग्रॅहॅम बेल यांच्या १८७६ सालच्या टेलिफोनच्या पेटंटाचे नकाशेही लॅटिमर यांच्या हातचे. तरी त्यांच्या आयुष्यातले मोठे काम पुढेच होते.

१८८० साली ते ब्रिजपोर्ट गावी हायरम मॅक्सिम यांच्या वीजदिव्यांच्या कंपनीत गेले. एडिसनचा दिवा आदल्याच वर्षी, १८७९ साली, लागला होता. इंग्लंडात जोसेफ स्वान यांनीही त्याच सुमारास असा दिवा केला होता. म्हणजे दिवा झाला होता, पण तो टिकत नव्हता. त्याचे कारण तार.

त्या वेळची तार धातूची नसे. कापसाचा धागा, जाड कागद किंवा बांबूची सळई घेऊन तिचा कोळसा करीत आणि त्यातून वीज सोडीत. कोळसा वितळत नाही, म्हणून तो पांढरा होईपर्यंत तापविता येतो. मात्र वारा लागला तर क्षणात जळून राख होतो. म्हणून काचेच्या गोळ्यातली हवा काढून टाकावी लागते. आपल्याकडे जंगलात कोळसा पाडतात तेव्हा भट्टी मातीने लिंपून हवा बंद करतात, तेच तत्त्व. पण भट्टीतला कोळसा वाकडा झाला, तडकला, तरी कुणाचे बिघडत नाही. इथे हवी केसाएवढी सारखी तार. कागद तापला की आकसतो. तो लोखंडासारख्या कठीण साच्यात धरला तर साचा त्याच्याबरोबर आकसत नाही आणि आतला कागद ताणला जाऊन तुटतो. मोकळा सोडावा, तर उन्हातल्या पापडासारखा वळतो.

यावर लॅटिमर यांनी काढलेली युक्ती ऐकायला साधी आहे. कागदातून कापलेली तार त्यांनी जाड कागदाच्याच पाकिटात ठेवली, चिकटू नये म्हणून मध्ये पातळ कागद घातला आणि मग हवाबंद करून तापविली. पाकीट आणि तार एकाच जातीची, म्हणून दोन्ही सारखीच आकसू लागली. तार ना तुटे, ना वळे. या कृतीचे पेटंट त्यांना १७ जानेवारी १८८२ रोजी मिळाले. कोळशाची तार दिव्यातल्या धातूच्या तारांना पक्की कशी जोडावी याचे पेटंट जोसेफ निकोल्स यांच्यासह त्याआधीच, १३ सप्टेंबर १८८१ रोजी, मिळाले होते. चांगल्या तारा भराभर होऊ लागल्या तर दिवा श्रीमंताच्या दिवाणखान्यातून साध्या घरात येणार, हे त्यातले मर्म.

मग कंपनीने त्यांना न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, माँट्रियल येथे दिवे बसविण्यास धाडले. माँट्रियलचे कामगार फ्रेंच बोलत, म्हणून ते स्वतः फ्रेंच शिकले. पुढे लंडनला जाऊन तिथल्या कारखान्यात तारा करण्याचे शिक्षण दिले. मालकापुढे वाकण्याची तिथली रीत त्यांना रुचली नाही. ज्याच्या बापाला मालक होता, त्याला ती कशी रुचावी?

१८८४ साली ते एडिसनच्या कंपनीत गेले आणि पुढे तिच्या कायदे विभागात काम करू लागले. दिव्याच्या हक्कावरून तेव्हा मोठे खटले चालू होते. जुने नकाशे हुडकणे, कोर्टात जाणकार म्हणून साक्ष देणे हे काम त्यांचे. तुरुंगात डांबलेल्या गुलामाचा मुलगा त्याच देशाच्या कोर्टात पंडित म्हणून उभा राहिला. १८९० साली त्यांनी वीजदिव्यांवर एक पुस्तकही लिहिले. एडिसनच्या जुन्या सहकाऱ्यांची संस्था १९१८ साली निघाली, तिच्या संस्थापक सभासदांत कृष्णवर्णीय असे ते एकटेच होते.

घरी ते बासरी आणि व्हायोलिन वाजवीत, चित्रे काढीत, कविता करीत. मुलींनी व स्नेह्यांनी त्या कविता १९२५ साली छापून त्यांच्या हाती दिल्या. मला मोठी वाटली ती दुसरीच गोष्ट. न्यूयॉर्कला परदेशांतून आलेले गरीब मजूर त्यांच्याकडे इंग्रजी आणि नकाशे काढणे शिकत. स्वतःला कुणी बसवून शिकविले नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्यांना बसवून शिकविले.

११ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमधील फ्लशिंग येथे त्यांचा अंत झाला. तोवर कोळशाच्या तारेचे दिवसही सरले होते. १९१० च्या सुमारास टंगस्टन धातूची तार आली, तीच आमच्या माजघरातली. आता तर घरोघरी एलईडी आहेत आणि त्यांत तारच नाही. मग लॅटिमर यांचे कष्ट वाया गेले का? मला तसे वाटत नाही. दिवा त्यांनी शोधला असे म्हणणे खरे नव्हे, पण लागलेला दिवा टिकावा म्हणून झटणाऱ्यांत ते होते. संसारात आपण दुसरे काय करतो? त्यांचे राहते घर १९८८ साली पाडले जाणार होते. लोकांनी ते अख्खे उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवले. आज तिथे संग्रहालय आहे.

माझी मंडळापुढे एक सूचना आहे. आपल्यात कुणाला हिशेब येतो, कुणाला मशीनवरचे शिवण, कुणाला मोबाइलवरचे व्यवहार. आठवड्यातून एक तास एकीने दुसरीला शिकवावे. पहिल्या दिवशी बँकेचा कागद घेऊन मी येते. समजून घेऊन सही करायची आहे.

संध्याकाळी दिवा लागला की आपण हात जोडतो, मग तो बटण दाबून का लावलेला असेना. त्या नमस्कारात हल्ली मी लॅटिमर यांनाही धरते.