पदवीनंतरचे विद्यार्थीपण

वैद्यकाची पदवी हाती आली की शिकणे संपले, ही समजूत केवळ समाजातच नव्हे, तर काही अंशी वैद्यक व्यवसायातही आढळते. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) या इंग्रज शल्यविशारदाचे चरित्र तिला छेद देणारे आहे.

१८६१ मध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत ते रुजू झाले, तेव्हा शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही जखम चिघळून रोगी दगावत. दूषित हवेला दोष देऊन सारे मोकळे होत. लिस्टर स्वतः प्राध्यापक होते, नामांकित होते. तरीही रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लुई पाश्चर यांच्या संशोधनाकडे लक्ष वेधताच त्यांनी ते अभ्यासले आणि प्रयोग स्वतः करून पडताळले. पाश्चर हे वैद्य नव्हते, ही गोष्ट त्यांच्या आड आली नाही.

कार्लाइल येथे मैलापाण्यावर कार्बॉलिक आम्ल वापरतात, हे त्यांना ठाऊक झाले होते. ऑगस्ट १८६५ मध्ये, गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी तेच योजले. एरवी अशा वेळी पाय कापण्याचीच पाळी येई. या मुलाचा पाय वाचला. पूर्वी अवयव कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६. १८७४ मध्ये लिस्टर यांनी पाश्चर यांना पत्र लिहून आपले ऋण मान्य केले.

तथापि दुसऱ्याकडून शिकण्यापेक्षा स्वतःची शिकवण सोडणे कठीण असते. शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बॉलिकचे तुषार उडवण्याची पद्धत लिस्टर यांनीच रूढ केली होती. पुढे हवेतील जंतूंपेक्षा हात, हत्यारे व पट्ट्या यांवरील जंतूच अधिक घातक असल्याचे दिसून आले. तोवर लिस्टर जगन्मान्य झाले होते, सरदारकीचा किताबही लाभला होता. मौन पाळले असते तरी कोणी जाब विचारला नसता. परंतु १८८७ च्या सुमारास त्यांनी तुषार बंद केले आणि १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्या शिफारशीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

वैद्याची नम्रता म्हणजे निव्वळ मृदू बोलणे नव्हे. आपल्या मताहून रोग्याचा जीव मोठा मानणे, हे तिचे खरे स्वरूप होय. जो वैद्य शिकण्याचे थांबवतो, त्याच्या अहंकाराची किंमत त्याला स्वतःला क्वचितच मोजावी लागते. ती रोगी मोजतो.