महादजी शिंदे आणि ठासणीची बंदूक

सुट्टीत आजोबांबरोबर काशीला गेलो होतो. मणिकर्णिकेशेजारी शिंदे घाट दिसताच मी रुबाबात सांगितले, हा महादजींचा घाट. नावाडी हसला. घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० साली बांधला आणि बांधकाम इतके जड झाले की ते खचले. बायजाबाई म्हणजे महादजींचे वारस दौलतराव यांच्या पत्नी. महादजी तर १७९४ सालीच वारले होते! परत आल्यावर त्यांचे चरित्र नीट वाचून काढले.

साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे ते पुत्र. १७६१ च्या पानिपतात पायावर घाव बसून ते पडले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. पाय जन्मभर अधू राहिला. राणेखानाला मात्र त्यांनी भाऊ मानले आणि पुढे सरदार केले.

१७८४ मध्ये त्यांनी डी बॉईन या सॅव्हॉयच्या माणसाकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतत असे, बंदुकाही तिथेच बनत.

बंदूक चकमकीची, तोंडातून ठासायची. आधी दारू, मग गोळी, वरून गज. काळ्या दारूची काजळी नळीत साठते, ओल धरते आणि लोखंड खाते. थर वाढला की गोळी अर्ध्यावरच अडते. म्हणून गजाला चिंदी लावून नळी पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचे. आमच्या .२२ रायफलचा बोल्ट काढला की नळी दोन्हीकडून मोकळी. पुल थ्रू मागून सोडायचा, पुढून ओढायचा. ठासणीच्या बंदुकीला मागचे दारच नाही. चिंदी तळाशी राहिली तर गजाला स्क्रूसारखा पिळाचा आकडा लावून, तो फिरवून, चिंदी गुंतवून बाहेर काढतात. गजच अडकला तर बंदूक भरलेली आहे असेच समजायचे. चकमक काढून ठेवायची, कानातून पाणी सोडून दारू भिजवायची, काजळी सुटेपर्यंत थांबायचे आणि मग गज फिरवत सरळ ओढायचा. तोंडासमोर कोणी उभे राहायचे नाही.

हे मला लगेच समजले, कारण गेल्या सत्रात मी घाईने दोन चिंद्या एकदम घातल्या आणि पुल थ्रूची दोरी नळीतच तुटली. उस्तादांनी ती काढेपर्यंत सगळा सेक्शन उन्हात उभा होता. कोणी माझ्याशी बोलत नव्हते.

माझ्यासमोर निदान शत्रू तरी नव्हता. १७८७ मध्ये लालसोटला महादजींकडच्या बादशाही पलटणी तोफांसकट शत्रूला मिळाल्या. डी बॉईनच्या पलटणी टिकल्या. महादजींना मागे हटावे लागले, पण त्यांनी फौज मोडली नाही, वाढवली. पुढच्याच वर्षी गुलाम कादिरने आंधळ्या केलेल्या शाह आलम बादशहाला त्यांनी सोडवले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या दोन्ही लढाया याच पलटणींनी जिंकल्या. माझ्या मते मेडत्यापेक्षा लालसोटनंतरचे महिने जास्त अवघड गेले असणार, पण पुस्तकांत त्यांना दोनच ओळी मिळतात.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. तिथे त्यांची छत्री आहे. आजोबांना आता तिथे न्यायचे आहे. या वेळी माहिती आधी वाचून जाणार आहे.