डॉ. कमल रणदिवे

काही रोगांचे नुसते नाव ऐकले तरी माणसाच्या काळजात धस्स होते. कर्करोग हा अशा रोगांपैकी एक होय. पूर्वी हा रोग घरात शिरला म्हणजे त्याचे नाव उच्चारण्याचेही लोक टाळीत. कोणी त्यास दैवाचा कोप समजत, कोणी पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणत, तर कोणी तो शिवल्याने होतो अशा समजुतीने रोग्याची भांडी वेगळी ठेवीत. कित्येक स्त्रिया अंगावर आलेली गाठ लाजेपोटी लपवून ठेवीत आणि उपचाराची वेळ टळून गेल्यावर रुग्णालयात येत. हे अज्ञान दूर व्हावयाचे तर रोगाचे मूळ कोठे आहे, हे कोणीतरी चिकाटीने शोधून काढणे अवश्य होते. या कामी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत एका मराठी स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असत. आईचे नाव शांताबाई. मुलीला लिहितावाचता आले म्हणजे पुष्कळ झाले, असे मानणारी घरे त्या काळी थोडीथोडकी नव्हती. समर्थांचे घर तसे नव्हते. आपल्या सर्व अपत्यांना उत्तम शिक्षण मिळावे, असा वडिलांचा आग्रह होता. कमलचे शालेय शिक्षण हुजूरपागा या मुलींच्या नामांकित शाळेत झाले. ती अभ्यासात हुशार होती. तिने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु कमलची ओढ जीवसृष्टीच्या अभ्यासाकडे होती. तिने आपला मार्ग आपणच निवडला आणि फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र या विषयांत प्रावीण्य मिळविले.

१९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी कमलताईंचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. संसार सुरू झाला म्हणून त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९४३ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली. त्यासाठी निवडलेला विषय मोठा मौजेचा होता. आपण आवडीने खातो ते सीताफळ आणि रामफळ ज्या कुळात मोडतात, त्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास त्यांनी केला. सीताफळाचा आणि कर्करोगाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु वनस्पती काय, प्राणी काय आणि माणूस काय, सर्वांची शरीरे सूक्ष्म पेशींची बनलेली असतात. या पेशींच्या आत धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात आणि त्या गुणसूत्रांवर जनुके असतात. डोळ्यांचा रंग कोणता असावा, हाड किती वाढावे, जखम कशी भरून यावी, अशा अनेक गोष्टींच्या आज्ञा या जनुकांत जणू लिहून ठेवलेल्या असतात. झाडाच्या पेशींत जे वाचावयास कमलताई शिकल्या, तेच त्यांना पुढे रोगाच्या पेशींत वाचावयाचे होते.

मुंबईत परळ भागात १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मोठे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी कर्करोगाच्या संशोधनास आरंभ केला आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

त्यांच्यापुढील प्रश्न साधा दिसणारा, पण अतिशय अवघड होता. एकाच गावात, एकाच परिस्थितीत राहणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीला स्तनाचा कर्करोग होतो आणि दुसरीला होत नाही, असे का व्हावे? माणसावर प्रयोग करणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांची निरनिराळी कुळे अभ्यासासाठी घेतली. काही कुळांतील माद्यांना हा रोग वारंवार होई, तर काही कुळांत तो क्वचितच दिसे. त्यांचे अन्न आणि पिंजरे सारखे ठेवले तरी हा भेद राहत असे. यावरून आनुवंशिकतेचा या रोगाशी संबंध आहे, हे दिसून आले. शरीरातील संप्रेरके आणि उंदरांच्या मादीच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक विषाणू, यांचाही त्यात वाटा असल्याचे या अभ्यासातून स्पष्ट होत गेले. विषाणूची ही गोष्ट उंदरांची आहे. आईच्या दुधाने माणसांत कर्करोग पसरत नाही, हे येथे नीट ध्यानात ठेवावे. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध आरंभी मांडणाऱ्या संशोधकांत कमलताईंची गणना होते.

पेशी बिघडते म्हणजे नेमके काय होते, हे आज आपणास अधिक स्पष्टपणे सांगता येते. छापखाने नव्हते तेव्हा वाईसारख्या विद्येच्या गावी पोथ्या हाताने उतरवून घेत. लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकले, तर त्या प्रतीवरून केलेल्या पुढच्या प्रत्येक प्रतीत ती चूक उतरत असे. पेशीचेही तसेच आहे. एका पेशीच्या दोन पेशी होताना जनुकांची सारी पोथी नव्याने उतरविली जाते. झालेल्या बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. तरीही एखादी चूक राहून जाते. जनुकांतील अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात.

पुष्कळशी उत्परिवर्तने निरुपद्रवी असतात. परंतु काही जनुके पेशीला वाढावयास सांगणारी असतात, काही तिला थांबविणारी असतात, तर काही नकलेतील चुका दुरुस्त करणारी असतात. बैलाला पुढे हाकण्यासाठी पराणी लागते आणि आवरण्यासाठी कासरा लागतो. पराणी सारखी टोचत राहिली आणि कासराही तुटला, तर गाडी रस्ता सोडून रानात शिरेल. पेशींची वाढही अशीच अनावर झाली म्हणजे तिला कर्करोग म्हणतात. असे एकाच चुकीने सहसा होत नाही. पेशींच्या एकाच वंशात अनेक चुका साठत जाव्या लागतात आणि त्यास बहुधा कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच हा रोग उतारवयात अधिक आढळतो.

कमलताईंनी काम सुरू केले तेव्हा यांतील पुष्कळसे अज्ञात होते. जिवंत पेशींचे व्यवहार जवळून पाहावयाचे तर त्या शरीराबाहेर काचेच्या पात्रात वाढविता आल्या पाहिजेत. हे कौशल्य शिकण्यासाठी त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेनरिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी अखंड वाढू लागल्या होत्या. त्या पेशी घेताना तिची अनुमती कोणी विचारली नव्हती. जगभरच्या संशोधनास तिच्या पेशींचा उपयोग झाला, पण तिचे नाव लोकांना फार उशिरा कळले.

परदेशात राहून काम करण्याऐवजी कमलताई मायदेशी परतल्या. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा होय. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी या केंद्राची धुराही सांभाळली. कुष्ठरोगाच्या जंतूंचाही त्यांनी अभ्यास केला आणि लस तयार करण्याच्या कामी त्याचा उपयोग झाला.

आपल्याकडील लोकांच्या सवयींकडेही त्यांचे लक्ष होते. तंबाखू आणि सुपारी यांत कर्करोग उत्पन्न करण्याची शक्ती कितपत आहे, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तपासले. १९७६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तंबाखूतील काही द्रव्ये जनुकांना चिकटतात आणि नक्कल होताना चुका घडवितात, हे आता सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले. सांगली-साताऱ्याकडील खेड्यांत तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावण्याची चाल आहे. दात घासण्याची साधी सवय म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. पण दररोज हिरडीला लागणारी ती काळी पूड तोंडातील पेशींच्या पोथीत रोज थोडी खाडाखोड करीत असते.

कमलताईंच्या निष्कर्षांना पुढील संशोधनाने बळकटी दिली. उंदरांतील तो विषाणू पेशीच्या जनुकांत शिरून वाढीच्या जनुकास भलत्या वेळी जागे करतो, असे आढळून आले. १९९४ व १९९५ साली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही माणसातील दोन जनुके ओळखण्यात आली. पेशीतील बिघाड दुरुस्त करण्याचे काम ती करतात. आईकडून किंवा वडिलांकडून यांपैकी एखादे सदोष जनुक आले, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. मात्र असे जनुक मिळालेल्या प्रत्येकास हा रोग होतोच असे नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रोग्यांपैकी सुमारे ५ ते १० जणांतच तो अशा वारशाने येतो. इतरांच्या बाबतीत जनुकांतील बदल जन्मानंतर, आयुष्यभरात साठत गेलेले असतात.

आपण शिकलो, तसे इतर स्त्रियांनाही विज्ञानाचे दार खुले व्हावे, अशी कमलताईंची तळमळ होती. १९७३ साली ११ सहकारी स्त्रियांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. १९८९ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्रांती घेतली नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जाऊन त्यांनी स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले, आहाराचे महत्त्व समजावून सांगितले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

कर्करोग पूर्णपणे जिंकण्याचे काम अद्याप चालू आहे. परंतु तो शाप नव्हे, पापाचे फळ नव्हे आणि शिवल्याने होणारा रोगही नव्हे, हे आज आपण निश्चयाने सांगू शकतो. म्हणून रोग्यापासून दूर पळण्याचे कारण नाही आणि गाठ लपविण्याचेही कारण नाही. ती वेळेवर डॉक्टरांना दाखविली तर पुष्कळ रोगी बरे होतात. आईवडिलांकडून आलेली जनुके आपणास बदलता येत नाहीत. तंबाखूची पुडी मात्र नाकारता येते. भीतीच्या जागी ज्ञान आणण्यासाठी कमलताई आयुष्यभर झटल्या. ते ज्ञान आपल्या घरापर्यंत नेणे, हे आता आपले काम आहे.