मजुरी करणाऱ्या मायबहिणी आणि बाबासाहेब



आपल्या घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे. त्यांनी आपल्याला धम्म दिला, देशाला संविधान दिले, हे आपली लहान मुलेही सांगतात. पण पहाटे भाकरी बांधून कामावर निघालेल्या बाईच्या मजुरीशी आणि तिच्या बाळंतपणाशी बाबासाहेबांचा काय संबंध, असे विचारले तर आपल्यातले पुष्कळजण गप्प राहतील. आमच्या सुप्यात हा प्रश्न रोजचा आहे. नगर-पुणे रस्त्यावरचे हे पारनेर तालुक्यातले गाव कमी पावसाचे. कालपर्यंत आमच्या आयाबाया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. आज औद्योगिक वसाहत उभी आहे आणि लेकीसुना कारखान्यात जातात. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्राची ही बाजू आज आपल्यासमोर मांडतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. आई भीमाबाई ते लहान असतानाच वारल्या आणि आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. पुढे ते परदेशी शिकत असताना रमाबाईंनी मुंबईत शेण गोळा केले, गोवऱ्या थापल्या आणि संसार ओढला. बाईच्या कष्टावर घर चालते, पण त्या कष्टाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या घरात पाहिले होते. परळच्या चाळीत राहताना गिरणी कामगारांचे जिणेही त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात बसू लागले. पुढच्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता द्यावा, असे विधेयक कौन्सिलापुढे आले. विधेयक दुसऱ्या सभासदाचे होते, पण बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. म्हणून या खर्चाचा काही भार सरकारने उचलला पाहिजे, आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवतो त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा.

ह्यातले मर्म नीट ध्यानात घ्या. तोवर बाळंत बाईला कोणी चार पैसे दिले तर ते दान समजले जाई. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बाबासाहेबांनी तिला मर्जीतून सोडवून कायद्याच्या हक्कावर उभे केले. त्यांचे पुढचे सारे काम याच एका सूत्राने बांधलेले आहे.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आपल्या नगर जिल्ह्याने या पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम यांना निवडून दिले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव विधानसभेत रोहम यांनी मांडला आणि त्यामागे बाबासाहेबांचा विचार होता. सततच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर खचते आणि घराचे दारिद्र्य हटत नाही, हे त्या काळी चारचौघांत बोलायलाही लोक लाजत. ठराव फेटाळला गेला. पण नगरच्या मातीतला माणूस त्या दिवशी स्त्रियांच्या बाजूने उभा होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद भरली. गिरण्यांत, विडी कारखान्यांत आणि म्युनिसिपालट्यांत राबणाऱ्या स्त्रियांना रजा, अपघाताची भरपाई आणि पेन्शन मिळावे, अशी मागणी तेथे झाली. ह्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. मागणाऱ्यांचा पुढारी आता देणाऱ्याच्या खुर्चीत बसला होता.

ही खुर्ची सोपी नव्हती. १९३७ पासून स्त्रियांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करण्यास पूर्ण बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ साली सरकारने ही बंदी उठविली. महिला संघटनांनी निषेध केला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मजूरमंत्र्यांना जाब विचारण्यात आला. बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली. ही सवलत युद्धकाळापुरती आहे आणि पुरुषाइतकेच काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्यावी लागेल, असे त्यांनी सांगितले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. हा निर्णय आजही मनाला बोचतो आणि तो लपविण्याचे कारण नाही. आपल्या माणसाला तपासून पाहू नये, असे आपला धम्म शिकवत नाही. पण ह्या अडचणीच्या प्रसंगातही समान कामाला समान मजुरीची अट त्यांनी सरकारच्या तोंडून वदविली, हेही तितकेच खरे.

त्यांच्याच कारकिर्दीत खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या कायद्यात सुधारणा झाली. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. शेतमजूरही त्याच्या कक्षेत आले. खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या मजुरीचा दर सरकारने ठरवायचा, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

पुढे संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन आणि प्रसूतीच्या काळात साहाय्य ही दोन्ही कलमे आली. कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलातून मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा देण्यासाठी ते झटले. बिल रखडविले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्याला इतरही कारणे होती, पण हे कारण मोठे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांनी लावलेली रोपे नंतर वाढली. १९६१ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा सर्व देशासाठी झाला आणि २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला आणि तो कायदा आपल्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. वेतनाचे आणि प्रसूतीचे जुने कायदे २०१९ व २०२० च्या कामगार संहितांत घेतले गेले, तरी तत्त्वे तीच राहिली.

आता मी तुम्हांला विचारतो. तुमची सून कंत्राटदाराकडे कामाला जाते, तिचे नाव हजेरीपटावर आहे का? तिला पगाराची चिठ्ठी मिळते का? तिचा पगार तिच्या खात्यात जमा होतो की आणखी कोणाच्या? शेजारी काम करणाऱ्या पुरुषापेक्षा तिला कमी मिळते, तेव्हा आपण ही रीतच आहे म्हणून गप्प बसतो ना? आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना आपल्याला भिंतीवरची तसबीर दिसत नाही का?

हजेरीपटावर नाव नसेल तर बाळंतपणाची रजा मागायची कशाच्या जोरावर? बाबासाहेबांनी कायदा दारापर्यंत आणून ठेवला आहे. त्याला घरात घेणे आपल्या हाती आहे. सम्यक आजीविका म्हणजे आपण पाप न करता कमावणे एवढेच नव्हे. आपल्या घरातल्या बाईचे कष्ट कोणी फुकट खाऊ नयेत, आणि ते आपणही खाऊ नयेत, हेही त्यात येते. येत्या पौर्णिमेला वंदनेसाठी जमाल तेव्हा आपापल्या वस्तीतल्या कामकरी बायकांची नावे लिहून काढा. कोणाची हजेरी लागते, कोणाची लागत नाही, ते विचारा. सुरुवात तेथून होईल.

जय भीम!