योहान सेबास्टियन बाख

ह्या जर्मन संगीतकाराचा जन्म १६८५ साली आयसेनाख येथे झाला. दहाव्या वर्षी तो पोरका झाला. तेव्हा ओहर्डरूफच्या उपासनामंदिरात ऑर्गन वाजविणाऱ्या वडील भावाने त्यास घरी नेऊन वाद्याचे पहिले धडे दिले. ते ऋण त्याने पुढील पिढीस फेडिले. १७२० साली आपल्या नऊ वर्षांच्या पुत्रासाठी त्याने एक वही आरंभिली. तीत प्रथम स्वरलिपीची चिन्हे व नंतर कोणत्या पट्टीवर कोणते बोट ठेवावे, हे आकड्यांनी दर्शविणारा लहानसा धडा आहे. त्याच्या माथ्यावर त्याने येशूच्या नामाची आद्याक्षरे लिहिली. १७५० साली तो लाइप्झिग येथे वारला. त्या वहीतील कित्येक धडे आजही पियानो शिकणारे गिरवितात. एवढ्या थोर कलावंताने बोटांची मुळाक्षरे प्रभूच्या नावाने लिहिली; मग नवशिक्याने ती क्षुद्र का मानावी, असे आम्हांस वाटते.